बहिणाबाईंचे वासरू

‘बहिणाबाई’ म्हटले की आज खानदेशातल्या चौधरीच आठवतात. इथे विषय आहे तो सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या बहिणाबाईंचा. त्यांचे आत्मनिवेदनपर अभंग जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली इंग्रजीत नेले, त्यामुळे ते मराठीबाहेरच्या वाचकालाही मिळतात.

पाचेक वर्षांची असताना तिशीतल्या बिजवराशी लग्न. पुढे गाव सुटले, आणि वणवण करत हे ब्राह्मण कुटुंब कोल्हापुरात परक्याच्या आसऱ्याला आले. तिथे एक वासरू बहिणाबाईंच्या मागे लागले. ते त्यांच्या हातूनच खाई, कीर्तनालाही सोबत जाई. जयरामस्वामींनी कीर्तनात दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावात चर्चा झाली, नवऱ्याने बायकोला बांधून मारले. इकडे गाय-वासराने चारापाणी सोडले.

माझ्या मते या निवेदनातली कृतज्ञता कळते ती इथेच. अन्न सोडते ते जनावर. पुढे वासरू मरते, त्या शोकात शुद्ध हरपते आणि स्वप्नात तुकोबा येतात. देवाची कृपा गोठ्यातून आत येते, माजघरातून नव्हे. मारहाणीला बहिणाबाई कुठेही प्रसाद म्हणत नाहीत. हे कोणत्या जन्मीचे पाप, असे विचारतात. स्त्रीजन्म आणि वेदांचा अनधिकार यांबद्दलची त्यांची तक्रारही तितकीच उघड आहे. म्हणजे विश्वास आहे, पण तोंड दाबून घेतलेला नाही.

मग पतिसेवेचा निश्चय सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध अभंगांचे काय? ते सुटे छापले की उपदेश वाटतात. निवेदनात मात्र ते येतात तेव्हा बाई गरोदर आहे आणि नवरा तिला टाकून निघालेला. पोटात मूल असलेल्या मुलीने दगडाचा विठोबा आणि स्वप्नातला तुका दूर ठेवून समोरच्या माणसाला धरणे, याला केवळ शरणागती म्हणायला माझे मन घेत नाही. तसेच त्याला बंडही म्हणवत नाही, आजची काही वाचने काहीही म्हणोत.

नवऱ्याच्या आजारपणाचा प्रसंग मात्र मला कच्चा वाटतो. तुकोबांची निंदा केली म्हणून हे भोगतो आहे, असे त्याला वाटते आणि तो बदलतो. इतक्या वर्षांचा राग एका दुखण्यात उतरतो, निवेदनही तिथे घाईने पुढे सरकते. देहूला पोचल्यावर मुलगी होते, काशी. आणि वासराची आठवण बहिणाबाईंच्या मनातून जात नाही.