गुलाबी-निळ्याच्या अलीकडे : बालवेश आणि लिंगभाव

लहान मुलांच्या पोशाखामागील लिंगभावविषयक गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या विषयावरील आपली चर्चा बहुधा ‘मुलीला गुलाबी, मुलाला निळा’ या सूत्रापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. पनवेलच्या बाजारपेठेतही बाळाचे कपडे मागताच ‘मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न आधी येतो आणि उत्तराप्रमाणे रंग समोर मांडले जातात, हे खरे. परंतु हा रंगसंकेत आपल्याकडे उशिरा आला आणि जेथून आला तेथेही तो फार जुना नाही. जो पाओलेत्ती यांच्या ‘पिंक अँड ब्लू’ (२०१२) या ग्रंथात अमेरिकेतील त्याची अस्थिरता सविस्तर आली आहे. १९१८ मध्ये तेथील एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना सुचविला होता! तेव्हा सारा दोष आयात रंगांवर ठेवून आपली परंपरा निर्दोष ठरविणे सोयीचे असले, तरी ग्राह्य नाही.

झबले, टोपडे, लंगोट, दुपटे, कुंची हा तान्ह्या बाळाचा पारंपरिक पोशाख मुलगा-मुलगी असा भेद फारसा करीत नसे. जन्माआधी नवे कपडे आणू नयेत हा समज, जुन्या धोतर-लुगड्यांच्या मऊ कापडाचा वापर आणि थोरल्याचे कपडे धाकट्यास घालण्याची रीत यांमुळे भेदाला वावच कमी होता. बोरन्हाणाचे काळे कपडेही दोघांना चालतात. तेथे भेद सुरू होतो तो हलव्याच्या दागिन्यांपासून. मुलाला मुकुट आणि बासरी, मुलीला बांगड्या आणि बिंदी.

मात्र याच परंपरेतील एक प्रथा अधिक बोलकी आहे. ज्या घरात मुलगे दगावत, तेथे नंतर जन्मलेल्या मुलग्याचे नाक टोचून त्यास नथ घालीत आणि काही काळ मुलीसारखे वाढवीत. ‘नथू’ हे नाव याच प्रथेशी निगडित आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या नथुराम गोडसेचे उदाहरण सर्वश्रुत आहे. त्याच्या पुढील कृत्याचा उलगडा बालपणीच्या नथीतून करण्याचा मोह काहींना झाला असला, तरी तो येथे अप्रस्तुत होय. विचारावयाचे आहे ते प्रथेविषयी. मृत्यूला चकविण्यासाठी मुलीचा वेश पुरेसा का वाटावा? ‘धोंडू’, ‘दगडू’ ही नावे ज्या भीतीतून ठेवली गेली, त्याच भीतीत याचे उत्तर आहे. धोंडा कोणी उचलून नेत नाही. मुलगीही कोणी नेणार नाही. येथे परकर हा केवळ पोशाख उरत नाही, तो नकोसेपणाचा बुरखा होतो. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. नथीची प्रथा मागे पडली. तिच्यामागील मोजमाप मागे पडले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

मुलीला जीन्स-शर्ट घालणारे आजचे पालक ‘आम्ही तिला मुलासारखी वाढवतो’ असे अभिमानाने सांगतात. जावळ काढण्यापूर्वी मुलाच्या बटा बांधून, फ्रॉक चढवून छायाचित्र काढले जाते, ते मात्र गंमत म्हणून. एका दिशेने जाणे ही बढती, दुसऱ्या दिशेने जाणे हा विनोद. रंग बदलून ही विषमता मिटत नाही, कारण ती शिवणीतच आहे. मुलाच्या पँटला खिसे असतात, शर्टाची बटणे पुढे असतात. मुलीच्या फ्रॉकला बहुधा खिसा नसतो आणि चेन किंवा बंद पाठीवर असतात. चार वर्षांचा मुलगा आपले कपडे आपण घालू लागतो, तेव्हा त्याच वयाची मुलगी कोणीतरी पाठ बांधून देईल म्हणून उभी असते.

शाळेने हे सारे अधिकृत केले आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. तीत पहिली ते चौथीच्या मुलींना पिनो फ्रॉक, मुलग्यांना शर्ट आणि हाफ पँट, तर आठवीच्या मुलींना सलवार-कमीज ठरविण्यात आले. त्यावरील वाद प्रामुख्याने कापडाचा दर्जा, शिलाई आणि विलंब यांभोवती फिरला. केरळातील वळयनचिरंगरा येथील शासकीय प्राथमिक शाळेने मात्र २०१८ पासूनच सर्व मुलामुलींना शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी तोकडी पँट असा एकच वेश दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शासनाने धोरण बदलून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविला. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समित्यांत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असावयास हव्यात. म्हणजे फ्रॉक की पँट, खिसा की पाठीवरची चेन, हा निर्णय आता घराप्रमाणेच शाळेतही बऱ्याच अंशी आईबापांच्याच हाती आला आहे.