पाटीवरचं अक्षर: उंची मोजली, वळणाचं काय?

आज ब्रँडिंगवर बोलायचं आहे. पण बक्षीस मिळालेली कामं पडद्यावर दाखवण्याऐवजी आपण रस्त्यावरून सुरुवात करू.

२०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग एकच धावपळ! आमच्याकडेही एक काम आलं होतं: “लोगो आहे तोच ठेवा, फक्त मराठीत करून द्या. परवापर्यंत.” आम्ही करून दिलं. ते चांगलं झालं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे आज जी टीका करणार आहोत, तिच्यात आम्हीही आलो.

अशा पाट्यांत चुकतं काय? पहिली गोष्ट उंचीची. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, देवनागरी शिरोरेषेला लटकते. शिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. दोन्ही लिप्यांना सारख्याच उंचीची चौकट दिली, की देवनागरीतली बरीचशी जागा या चिन्हांनाच जाते आणि अक्षराचं मूळ अंग बारीक होतं. टेप लावून मोजाल तर नियम पाळलेला असतो. समोरच्या फुटपाथवरून बघाल तर मराठी लहानच दिसते.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. “आधुनिक” दिसावं म्हणून ती उडवतात. उडवणं हा गुन्हा नाही; गुजराती लिपी तिच्याशिवाय छान चालते. पण देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ओळखायला शिरोरेषा कुठे तुटते हे बघावं लागतं. ती काढायची, तर त्या अक्षरांना ओळखीची दुसरी खूण द्यायला हवी. ती न देता रोमन अक्षरांचे तुकडे जोडून ‘व’ आणि ‘थ’ बनवले, तर वाचणारा अडखळणारच.

यावर कोणी म्हणेल, ब्रँड ओळखीचा राहायला नको का? राहायला हवाच. पण ओळख म्हणजे नक्कल नव्हे. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘बलू’ फॉन्ट बघा. देवनागरी, गुजराती, गुरुमुखी, तमिळ अशा अनेक लिप्यांत तो आहे. सगळीकडे तोच गुबगुबीत, मऊ स्वभाव, पण प्रत्येक लिपीचं वळण तिचं स्वतःचं. त्याच संस्थेचा ‘मोदक’ तर इतका जाड आहे, की अक्षराच्या आतली मोकळी जागा बारीक रेघेएवढी उरते. तरी शब्द वाचता येतो, कारण त्या रेघा कुठे ठेवायच्या याचा विचार देवनागरीतूनच झाला आहे. हे फॉन्ट मोफत मिळतात, त्यामुळे पैशांची सबब इथे चालत नाही.

२०१० सालचं रुपयाचं चिन्ह आठवा. उदय कुमार यांच्या त्या रचनेत देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात मिसळतात, आणि वरची आडवी रेघ शिरोरेषेचं काम करते. कुणी कुणाचा वेश घेतलेला नाही.

आपल्याकडे या जाणिवेची कमतरता कधी नव्हती. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं बघून माणूस नाटकाचा स्वभाव ओळखायचा. र. कृ. जोशी हातातल्या अक्षरापासून संगणकाच्या ‘मंगल’ फॉन्टपर्यंत गेले. मग आजच मराठी अक्षर शेवटच्या दिवशी का आठवतं? आमच्या मते, कारण साधं आहे: ते कामाच्या यादीत दंड टाळण्यासाठी येतं, ग्राहकाशी बोलण्यासाठी येत नाही.

कायदा उंचीपर्यंत पोहोचला, तेवढंच त्याच्या हातात होतं. वळण आपल्या हातात आहे. पुढच्या कामाचं पहिलं कच्चं चित्र देवनागरीत काढा. छपाईला देण्याआधी ते रस्त्याच्या पलीकडे धरा आणि ज्यांनी ते आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी वाचायला सांगा. ते अडखळले, तर पुन्हा काढा. आम्हीही आता तेच करतो.

प्रश्न असतील तर घेऊया.