रोटरी इंजिनाची वीरकथा आणि मालकाची साक्ष : ‘माझदा’च्या इतिहासकथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

उद्योगसंस्थांचे इतिहास बहुधा त्या संस्थाच लिहितात किंवा लिहवून घेतात. त्यामुळे त्यांत संस्थापकाची दूरदृष्टी, अभियंत्यांची जिद्द आणि संकटावरील मात हे तीन घटक जवळजवळ ठरलेले असतात. मराठीतील उद्योगचरित्रांच्या वाचकाला हा साचा अपरिचित नाही. या इतिहासांत ज्याचा आवाज सहसा ऐकू येत नाही तो म्हणजे वस्तू विकत घेऊन ती वर्षानुवर्षे वापरणारा मालक. जपानमधील हिरोशिमा येथील ‘माझदा’ या मोटार कंपनीच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. कारण या कंपनीची कीर्ती ज्या रोटरी इंजिनावर उभी आहे, त्या इंजिनाची खरी परीक्षा प्रयोगशाळेत जेवढी झाली, त्याहून अधिक मालकांच्या दारात झाली. प्रस्तुत लेखात कंपनीविषयी रूढ झालेले कथन आणि मालकांचा अनुभव हे दोन्ही परस्परांसमोर ठेवून त्यांचे वाचन केले आहे.

नाव, शहर आणि युद्ध

३० जानेवारी १९२० रोजी ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने स्थापन झालेली ही कंपनी आरंभी बुचाच्या वस्तू तयार करीत असे. १९२१ मध्ये जुजिरो मात्सुदा यांच्याकडे तिची सूत्रे आली, १९२७ मध्ये नावातील ‘कॉर्क’ गळाले आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ हे तीनचाकी मालवाहू वाहन बाजारात आले. ‘माझदा’ हे नाव झरथुष्ट्री धर्मातील अहुर मझ्द या ज्ञानदेवतेवरून घेतले, असे कंपनी सांगते. ते संस्थापकाच्या ‘मात्सुदा’ या आडनावाशी जुळते, हाही त्यातला भाग आहे. मुंबईच्या पारशी समाजामुळे अहुर मझ्द हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असतेच. मात्र हिरोशिमातील एका कारखानदाराने आपल्या आडनावाला इराणी देवतेचे तेज चढवावे, यातून आधुनिक जपानी उद्योगाची जगाच्या बाजारपेठेकडे लागलेली नजर दिसते. (भारतात हे नाव रूढ झाले ते मोटारींमुळे नव्हे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वराज माझदा’ या संयुक्त कंपनीच्या हलक्या मालमोटारी आणि छोट्या बसगाड्यांमुळे ते लोकांच्या तोंडी बसले. २०११ मध्ये त्या कंपनीच्या नावातूनही ‘माझदा’ गेले आणि ‘इसुझू’ आले.)

६ ऑगस्ट १९४५ हा दिवस या कथनाचा भावनिक केंद्रबिंदू आहे. कंपनीचा कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ५ किलोमीटर अंतरावर, फुचू येथे होता. मध्ये हिजियामा टेकडी आडवी आल्याने त्याची हानी तुलनेने कमी झाली. शहरातील शासकीय इमारती उद्ध्वस्त झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताचे प्रशासन काही काळ याच कंपनीच्या आवारातून चालले आणि डिसेंबर १९४५ मध्ये तीनचाकी वाहनांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. या घटना खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु याच कारखान्यात युद्धकाळात जपानी सैन्यासाठी ‘टाइप ९९’ रायफली तयार होत होत्या, हे लोकप्रिय कथनात ओझरतेच येते. राखेतून उठलेला कारखाना सांगायचा, तर राख होण्यापूर्वी तो काय करीत होता हेही सांगावे लागते.

सत्तेचाळीस रोनिन

१९६० मध्ये ‘आर ३६०’ या ३ लाख येन किमतीच्या छोट्या मोटारीने कंपनी प्रवासी मोटारींच्या क्षेत्रात उतरली. त्याच सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयात मोटार कंपन्यांचे मोजक्या गटांत एकत्रीकरण करण्याचा विचार बळावला होता. लहान कंपनीला स्वतंत्र राहायचे असेल, तर इतर कोणाजवळ नाही असे काही तरी हाती असणे आवश्यक होते. तत्कालीन अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी जर्मनीच्या ‘एनएसयू’ कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाचे हक्क मिळवले. म्हणजे रोटरी इंजिनाचा स्वीकार हा मुळात तांत्रिक निर्णय नव्हता. तो अस्तित्वरक्षणाचा राजकीय निर्णय होता. ही गोष्ट ध्यानी घेतली नाही, तर पुढची चाळीस वर्षे निव्वळ हट्टाची वाटतात.

या इंजिनात वरखाली हलणारे पिस्टन नसतात. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत एक फुगीर त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहून वायू कोंडून धरतात. या टोकांवर बसवलेल्या पट्ट्यांना ‘अ‍ॅपेक्स सील’ म्हणतात. इंजिनाची सारी मदार या पट्ट्यांवर असते. आरंभीच्या इंजिनांत त्या थरथरत आणि भिंतीवर आडवे ओरखडे उमटत. अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन विभाग स्थापन झाला. अखेरीस कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्र पदार्थापासून बनवलेल्या पट्टीने हा प्रश्न आटोक्यात आणला. मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार विक्रीस आली.

या विभागातील सत्तेचाळीस अभियंत्यांना ‘सत्तेचाळीस रोनिन’ म्हटले जाते. ‘एनएचके’च्या ‘प्रोजेक्ट एक्स’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेनेही ही कथा घरोघरी पोहोचवली. उपमा आकर्षक आहे, पण ती तपासून घेतली पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या मूळ घटनेत स्वामीच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या या सामुराईंना शासनाच्या आज्ञेने आत्मबलिदान करावे लागले. निष्ठेची किंमत निष्ठावंतांनीच चुकवली, म्हणून ती कथा शोकात्म आहे. अभियंत्यांच्या कथेत परिश्रम आहेत, अपमान आहे, परंतु शेवट विजयाचा आहे. आणि जी किंमत चुकवायची राहिली, ती कथेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी चुकवली. उपमेतून नेमका हाच भाग गळून पडतो.

१,१७६ इतक्याच संख्येने तयार झालेल्या ‘कॉस्मो’पुरती ही किंमत मर्यादित राहिली असती. पण १९७० नंतर कंपनीने अमेरिकेत रोटरी मोटारींचा मोठा पसारा मांडला. १९७३ चे तेलसंकट आले आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचण्यांत या मोटारी शहरी वाहतुकीत गॅलनला जेमतेम १०-११ मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास धावतात असे दिसले. कंपनीने या चाचण्यांवर आक्षेप घेतला, परंतु ग्राहकाने पेट्रोल पंपावर स्वतःच चाचणी घेतली होती. विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने कारभारात लक्ष घालून कंपनी तगवली आणि कारखान्यातील कामगारांना मोटारी विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवण्यात आले. यंत्रावर काम करणारा हात दारोदार माहितीपत्रके घेऊन हिंडला, हा या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग होय. त्याच्यावर मालिका निघाली नाही. पुढे १९७९ मध्ये ‘फोर्ड’ने कंपनीचे सुमारे पाव भागभांडवल घेतले.

येथे आणखी एका विस्मृतीची नोंद आवश्यक आहे. कंपनीला सावरणाऱ्या मोटारींत १९८० च्या ‘फॅमिलिया’चा वाटा मोठा होता. साध्या पिस्टन इंजिनाच्या, पुढील चाकांना गती देणाऱ्या या कुटुंबवत्सल गाडीला जपानमधील ‘कार ऑफ द इयर’ हा पुरस्कार पहिल्याच वर्षी मिळाला. तिच्या मालकाकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. गाडी रोज सुरू होते आणि कामाला नेते. वीरकथेला अशा मालकाचा उपयोग नाही.

मालकाची साक्ष

१९७८ ची ‘आरएक्स-७’ आणि २००३ ची ‘आरएक्स-८’ यांच्या मालकांचे अनुभव क्लबांच्या वार्तापत्रांतून, वापरलेल्या मोटारी घेणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकांतून आणि कार्यशाळांच्या परंपरेतून विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. त्यांचे स्वरूप पाहता मालकी हा येथे एक प्रकारचा आचारधर्म झालेला दिसतो. हे इंजिन सील ओले राहावेत म्हणून स्वतःच थोडे तेल जाळते. म्हणून दर एक-दोन पेट्रोलभरणीला तेलाची पातळी पाहावी लागते. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून अंगणात घेतली आणि लगेच बंद केली, तर पेट्रोल साचून ते पुन्हा सुरू होणे कठीण होते. शेजाऱ्याच्या गाडीला वाट करून देणे ही साधी बाबसुद्धा विचारपूर्वक करावी लागते! काजळी साचू नये म्हणून अधूनमधून इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या लाल रेषेपर्यंत न्यावे, असा अनुभवी मालकांचा सल्ला असतो. वापरलेली गाडी घेताना प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवणारे खास उपकरण लागते. सर्वसाधारण गॅरेजमध्ये ते नसते.

याच मालकांनी इंजिनाचा गुळगुळीत, कंपरहित वेग, लहान व हलक्या इंजिनामुळे साधलेला गाडीचा तोल आणि वळणावरची चपळाई यांचे जे वर्णन केले आहे, ते जाहिरातीतील भाषेहून अधिक पटणारे आहे. पैसे मोजून, गैरसोय सोसून दिलेली ती साक्ष आहे. तरीही अभ्यासकाने या साक्षींच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. बोलतो तो टिकून राहिलेला मालक. ज्याने पहिल्या बिघाडानंतर गाडी विकली, त्याची नोंद क्लबच्या वार्तापत्रात होत नाही. पहिला मालक हमीच्या काळात गाडी चालवून मोकळा होतो. तिसऱ्या मालकाच्या वाट्याला झिजलेले सील आणि गाडीच्या किमतीला भिडणारा इंजिन-दुरुस्तीचा खर्च येतो. ‘आरएक्स-८’च्या आठवणींतील टोकाचा अंतर्विरोध बऱ्याच अंशी या क्रमांकाने स्पष्ट होतो. तिला अप्रतिम म्हणणारा आणि शाप म्हणणारा हे दोघेही खरे बोलत असतात, फक्त ते गाडीच्या आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उभे असतात.

कंपनीची वर्तणूकही एकसुरी नाही. अमेरिकेत ‘आरएक्स-८’ची शक्ती आरंभी २५० अश्वशक्ती सांगितली गेली, नंतर ती २३८ असल्याचे कबूल करावे लागले आणि २००३ मध्ये नाराज ग्राहकांकडून गाड्या परत घेण्याची तयारी कंपनीने दाखवली. पुढे याच गाडीच्या इंजिनाची हमी अमेरिकेत ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली. हा निर्णय प्रामाणिकपणाचा मानता येतो, तसाच तो कबुलीजबाबही मानता येतो. तुलनेसाठी ‘एनएसयू’चे उदाहरण पुरेसे आहे. १९६७ च्या ‘आरओ ८०’ या तिच्या रोटरी मोटारीची इंजिने हमीच्या काळातच बदलून देता देता ती कंपनी खचली आणि १९६९ मध्ये ‘ऑडी’त विलीन झाली. रस्त्यात समोरासमोर आलेले ‘आरओ ८०’चे मालक हात हलवण्याऐवजी, आतापर्यंत किती इंजिने बदलली तितकी बोटे दाखवत, अशी आख्यायिका आहे. ती विनोदी असली तरी तिच्यात मालकाने लिहिलेला इतिहास आहे, आणि तो संस्थेच्या स्मरणिकेहून थोडक्यात अधिक सांगतो.

मालकाला सहभागी करून घेणारे कथन याच कंपनीला साधले, ते मात्र रोटरीच्या आधाराने नव्हे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथे सादर झालेली दोन आसनी ‘एमएक्स-५’ (जपानमध्ये ‘रोडस्टर’) ही साध्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची गाडी आहे. घोडा आणि स्वार एक होणे, ही जपानी कल्पना तिच्या रचनेमागे असल्याचे सांगितले जाते. हेही जाहिरातीचेच बोल, पण येथे स्वाराला निदान जागा आहे. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली तेव्हा ती देशोदेशी फिरवून चाहत्यांच्या सह्या तिच्या अंगावर घेण्यात आल्या. पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाची सेवाही कंपनीने जपानमध्ये सुरू केली. जुन्या मालकाला सुटा भाग मिळतो की नाही, यावर संस्थेच्या इतिहासप्रेमाची पारख अधिक चांगली होते.

१९९१ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांच्या ‘७८७बी’ने मिळवलेला विजय हा वीरकथेचा कळस. जपानी कंपनीचा तेथील तो पहिलाच विजय, आणि पिस्टनविरहित इंजिनाचा आजवरचा एकमेव. चोवीस तास न थकता चाललेले हे इंजिन रोजच्या पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत का थकते, हा मालकाचा प्रश्न मात्र विजयाने सुटत नाही. शर्यतीतील इंजिन सतत तापलेले आणि सतत वेगात असते. बाजारात जाणारे इंजिन तापण्यापूर्वीच बंद होते. रोटरीला दुसरी परीक्षा अधिक कठीण जाते.

२०१२ मध्ये ‘आरएक्स-८’चे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये ‘एमएक्स-३० आर-ईव्ही’ या मोटारीतून रोटरी परत आले, पण ८३० घनसेंटिमीटरचा तो एकमेव रोटर चाके फिरवीत नाही. तो फक्त वीज निर्माण करतो आणि केव्हा सुरू व्हायचे हेही बहुधा गाडीच ठरवते. लाल रेषेपर्यंत नेण्याचा जुना आचार त्यामुळे आपोआप संपला आहे. या नव्या इंजिनात अ‍ॅपेक्स सीलची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ मिलिमीटर केली आहे. या अर्ध्या मिलिमीटरचा इतिहास लिहायचा झाल्यास सुरुवात सत्तेचाळीस अभियंत्यांपासून न करता, हातात दाबमापनाचा कागद घेऊन गॅरेजबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या मालकापासून करावी लागेल.