स्वमूल्यांकित आरोग्य आणि रक्तातील दाहनिदर्शके : एक चिकित्सा

'आपली प्रकृती कशी आहे?' या एकाच प्रश्नाच्या उत्तराचा मृत्यूच्या संभाव्यतेशी संबंध असतो, हे एलेन आयडलर व यायेल बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले. ज्ञात आजार हिशेबात धरूनही बहुतेक अभ्यासांत हा संबंध टिकून राहिला. तपासणीत न दिसणारे असे काय माणसाला जाणवत असावे? याचे एक उत्तर संशोधक दाहप्रक्रियेत शोधतात. त्या उत्तराचे मोल व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दाह निर्माण झाला की पेशी सायटोकाइन्स स्रवतात. त्यांपैकी इंटरल्युकिन-६ च्या प्रेरणेने यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन तयार करते. सायटोकाइन्सचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचून थकवा, अरुची व निरुत्साह उत्पन्न करतात. तापातील ही अवस्था सर्वपरिचित आहे. सौम्य, दीर्घकालीन दाहातही ती पुसटपणे जाणवत असावी, अशी ही उपपत्ती होय. मॅट्स लेकेंडर व सहकाऱ्यांना २००४ मध्ये स्वीडनमधील स्त्री-रुग्णांत, तर लिसा क्रिश्चियन व सहकाऱ्यांना २०११ मध्ये अमेरिकेतील २५० वयस्कांत असा सहसंबंध आढळला.

तथापि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. लठ्ठपणा व धूम्रपान यांमुळे दाहही वाढतो आणि प्रकृतीविषयीचे मतही खालावते. याहून मूलभूत आक्षेप असा की, येथे उत्तर देणारा आपली जाणीव मोकळेपणाने सांगतो, असे गृहीत धरलेले आहे.

अमर्त्य सेन यांनी या गृहीतकालाच धक्का दिला. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळानंतर, १९४४ मध्ये सिंगूर येथे झालेल्या पाहणीचा त्यांनी दाखला दिला आहे. तेथे आपली प्रकृती बिघडलेली वा जेमतेम असल्याचे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांपैकी मात्र अवघ्या २.५ टक्के स्त्रियांनी. विधवांचे शरीर निरोगी होते, असा याचा अर्थ कोणी लावणार नाही. तक्रार करण्याचा अधिकारच ज्यांना समाजाने दिला नाही, त्यांचे ते उत्तर होते.

मराठीत ही अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'बरी आहे' म्हणजे आजारातून उठलेली, जेमतेम, की केवळ विचारणाऱ्याचे समाधान? 'उत्कृष्ट' ते 'वाईट' अशा आयात पायऱ्यांवर हा शब्द नेमका कोठे बसवावा?

म्हणून रक्ताला शब्दाचा साक्षीदार करणे पुरेसे नाही. केवळ शब्दावर विसंबल्यास मुक्याने सोसणारी स्त्री गरजूंच्या यादीतून सुटते. केवळ रक्तावर विसंबल्यास निदर्शके सामान्य असलेल्याचे दुखणे खोटे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते, या दोहोंत जेथे विसंगती दिसते तेथेच संशोधनाचा खरा विषय आहे. ती विसंगती मोजमापातील त्रुटी म्हणून वगळणे म्हणजे सिंगूरच्या विधवांना पुन्हा एकदा गप्प करणे होय.