सूर्य उगवल्यानंतरचा हायडन

योझेफ हायडनची सहावी सिंफनी मी पहिल्यांदा लावली ती नावामुळे. ‘ल माताँ’, म्हणजे सकाळ. भैरव, तोडी ऐकलेल्या माझ्या कानांना वाटलं, आता निवांत उजाडत राहील. प्रत्यक्षात व्हायोलिनं हळूच सुरू होतात, बाकीची वाद्यं येऊन मिळतात, आवाज चढतो आणि मिनिटभरात सूर्य वर! लगेच बासरी एक चपळ सुरावट घेते आणि सगळे कामाला लागतात. मी जरा खट्टूच झाले.

पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मात्र पटलं, की इथे खरी गंमत सूर्योदयाची नाहीच, कामाला लागलेल्या माणसांची आहे.

१ मे १७६१. एकोणतीस वर्षांचा हायडन एस्टरहाझी राजघराण्यात उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाला. करार कडक होता. ठरलेला गणवेश घालायचा, रोज दोनदा दालनाबाहेर हुकमाची वाट बघायची, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी काही रचायचं नाही. त्याच वर्षी त्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सिंफनी लिहिल्या. नव्या मालकाला खूश करायचं होतंच. पण ते त्याने केलं आपल्या वादकांना पुढे करून.

एका छोट्या गटाला मोठ्या वाद्यवृंदासमोर खेळवण्याची रीत जुन्या बरोक काँचेर्तोतली. हायडन ती सिंफनीत आणतो आणि तिच्यात मिश्किलपणा मिसळतो. पहिल्या भागात मूळ सुरावट परतायची असते, तेव्हा बासरीच्या आधी हॉर्नच ती घेऊन टाकतो. वर्गात सरांनी विचारायच्या आधी कुणी उत्तर द्यावं तसं! पुढे बेटोव्हेननेही तिसऱ्या सिंफनीत हॉर्नला असंच घाईने आणलं. दुसऱ्या भागात फुंकवाद्यं गप्प. तंतुवाद्यं संथपणे सप्तक चढू लागतात, जणू गाण्याची शिकवणी चाललीय. मग एकल व्हायोलिन आणि चेलो बोलू लागतात आणि शिकवणीचं सुंदर गाणं होतं.

शेवटचा भाग मला थोडा कमी भावतो. तिथे बोटांची चपळाई जास्त आणि मनात राहणारं कमी.

पण तिसऱ्या भागाच्या मधोमध जे आहे, त्यासाठी मी परत परत येते. सूर उदास होतो आणि बसून व डबल बेस पुढे येतात. डबल बेसचं रोजचं काम म्हणजे खाली उभं राहून इतरांना आधार देणं. इथे तो स्वतः बोलतो, जरा जडपणे, पण ठामपणे. ज्या माणसाला स्वतः दाराबाहेर उभं राहावं लागत होतं, त्याने सगळ्यात मागे उभ्या असलेल्याला पुढे बोलावलं. हे मला सूर्योदयापेक्षा मोठं वाटतं.

एकच सांगणं: फोनच्या स्पीकरवर हा खालचा आवाज जवळजवळ गायब होतो. हेडफोन लावा.