शपथ आणि संमती

हातखंब्याहून फुटणारा रस्ता ज्या रत्नागिरीस जातो, तेथे सावरकर 1924 ते 1937 या काळात स्थानबद्ध होते. त्यांच्या ‘अभिनव भारत’ (1904) या गुप्तसंस्थेविषयीचे आपले चरित्रवाङ्मय शपथेचे तेज उत्साहाने वर्णिते. शपथ घेणाऱ्याच्या संमतीचा विचार मात्र त्यात क्वचितच आढळतो.

1909 मध्ये बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. उघड शब्दच गुन्हा ठरल्यावर तरुण मने गुप्ततेकडे अधिकच ओढली गेली, हे खरे. त्याच वर्षी 21 डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगप्रसंगी, अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालून ठार केले. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेला कान्हेरे तेव्हा पुरा अठरा वर्षांचाही नव्हता. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्यास त्याला फाशी झाली.

‘वध’ किंवा ‘खून’ यांपैकी एक शब्द निवडला की समीक्षक निर्णय देऊन मोकळा होतो. पण खरा प्रश्न त्यापूर्वीचा आहे. गुप्त मंडळात शंका घेणे म्हणजे फितुरी. मग दिलेली संमती परत कशी घ्यावी? सरकारने बाहेर जे केले तेच शपथेने आत केले : विरोधी शब्द बंद केला.

ध्येये तुल्य नसली तरी नायजेरियाचे उदाहरण उद्बोधक आहे. इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1952 मध्ये वोले सोयिंका प्रभृतींनी एक अहिंसक बंधुमंडळ स्थापिले. पुढे त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांची हिंसक गुप्त मंडळे निघाली. तेथे ध्येय लोपले, शपथ उरली.

कान्हेऱ्याच्या धैर्याचा गौरव अवश्य व्हावा. परंतु हा प्रश्न टाळून लिहिलेले ते चरित्र नव्हे, स्तोत्र होय.