लेझर-शिडाचा खरा ताप

मुदखेड जंक्शनवर आदिलाबादची लाईन वेगळी होते. त्या लाईनवर धावणारं कोळशाचं इंजिन तुम्हाला आठवत नसेल तर आजोबांना विचारा. ते गाडीबरोबर स्वतःचा कोळसा आणि पाणीही ओढायचं. विजेच्या इंजिनाला ती कटकट नाही, ताकद वरच्या तारेतून येते. रॉकेट अजून कोळशाच्या इंजिनासारखंच आहे. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किमी वेगानं चाललंय. त्या वेगानं अल्फा सेंटॉरीपर्यंतची ४.३७ प्रकाशवर्षं कापायला सुमारे ७७ हजार वर्षं लागतील.

मग इंजिन घरीच ठेवू आणि यानाला प्रकाशानं ढकलू, ही कल्पना रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९८४ च्या निबंधात सविस्तर मांडली. फिलिप ल्युबिन यांनी २०१६ मध्ये तिचा आराखडा काढला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ जाहीर झालं: काही ग्रॅमचं यान, चारेक मीटरचं शीड, १०० गिगावॅटचा लेझर, प्रकाशाच्या २० टक्के वेग.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे ‘एवढी वीज आणणार कुठून?’ मला तो कच्चा वाटतो. हिशोब करून बघा. १०० गिगावॅटच्या प्रकाशाचा धक्का फक्त ६६७ न्यूटन, म्हणजे ६८ किलोच्या माणसाच्या वजनाएवढा! पण यान दोन ग्रॅमचं असेल तर तीन मिनिटांत काम होतं. लेझरची कार्यक्षमता निम्मी धरली तरी साधारण एक कोटी युनिट लागतील. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेनं पाच तास चालवला की तेवढी वीज तयार होते. साठवून एकदम सोडणं अवघड आहे, पण अशक्य नाही.

खरी गोची शिडात आहे. चार बाय चार मीटरच्या त्या पडद्यानं प्रकाशाचा लाखातला एकच भाग शोषला, तरी एक मेगावॅट उष्णता झाली. पाचशे गीझर एका खोलीएवढ्या कापडावर! अंतराळात हवा नाही, त्यामुळे थंड व्हायचं ते फक्त उत्सर्जनानं, आणि इतका पातळ पडदा त्यात सहसा कमजोर असतो.

इतका कमी प्रकाश शोषणारे आरसे आहेत का? आहेत की! मुदखेडहून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे (केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३, खर्च २,६०० कोटी). लायगोचे आरसे दहा लाखातला एक भागही शोषत नाहीत. मात्र असा एक आरसा ३४ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० किलोचा असतो. काच सोडा, नुसता त्यावरचा काही मायक्रॉनचा लेप सोळा चौरस मीटरवर पसरला तरी काहीशे ग्रॅम भरतो. आपल्याला हवंय ग्रॅमभर.

दुसरं म्हणजे लायगोचा आरसा १०६४ नॅनोमीटर या एकाच रंगासाठी घडवलेला आहे. शीड मात्र पळत असतं. २० टक्के वेगाला पोचेपर्यंत तोच लेझर त्याला १३०० नॅनोमीटरचा दिसू लागतो. म्हणजे या अख्ख्या पट्ट्यात शोषण नगण्य हवं, आणि उष्णता बाहेर टाकायला लांबच्या अवरक्तात उत्सर्जन भरपूर हवं.

ल्युबिन उष्णतेकडे डोळेझाक करत नाहीत, हे सांगायला हवं. आधी छोटी यानं, छोटे लेझर, मग मोठे, ही त्यांची पायऱ्यांची मांडणी मला प्रामाणिक वाटते. पण त्यांचा आशावाद उभा आहे तो लेझर आणि इलेक्ट्रॉनिक्स चिपसारखे झपाट्यानं स्वस्त आणि ताकदवान होत राहतील यावर. लेझरपुरतं ते मान्य. पदार्थाचं शोषण मात्र बाजारभावासारखं दरवर्षी उतरत नाही. अशुद्धीचा एकेक कण काढायला प्रयोगशाळेत वर्षं जातात.

ब्रेक नाही हा मुद्दाही आहेच. त्या वेगानं पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर ४२ मिनिटांत मागे पडतं, तेवढ्यात काय फोटो काढायचे ते काढा. पण ती पुढची गोष्ट. १०६४ ते १३०० नॅनोमीटरमध्ये शोषण आणि वजन दोन्ही मोजलेला, हातरुमालाएवढा का होईना, एक पडदा कुणी दाखवला, तर त्यांच्या लेझरवर वाद घालायला मी आनंदानं तयार आहे.